परक्याची शुश्रूषा

आजारपण हा मनुष्याच्या आयुष्यातील असा प्रसंग आहे की, त्या वेळी त्यास आपले शरीर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. धन, विद्या आणि अधिकार यांच्या बळावर आपण एरवी जगाशी जे अंतर राखून असतो, ते खाटेवर पडताच नाहीसे होते. कोणी तरी तोंड धुवावे, कोणी तरी कूस बदलून द्यावी, कोणी तरी मलमूत्राची व्यवस्था पाहावी, या स्थितीत भल्याभल्यांचा ताठा उतरतो. हा ‘कोणी तरी’ पूर्वी बहुधा घरचाच असे. आई असे, बायको असे, सून असे. आणि कोणीच नसले तर शेजारची एखादी वृद्धा असे. रोग्याचे पथ्य, त्याचे सोवळेओवळे, त्याचा देव, त्याचा रुसवा, हे सारे तिला न सांगता ठाऊक असे.

चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. रोग्याच्या चालीरीतींची ओळख हा गुण या यादीत नाही. तो चरकास सुचला नसेल असे वाटत नाही. परिचारक आणि रोगी एकाच गावचे, एकाच वळणाचे, असे गृहीत धरल्यावर तो निराळा सांगण्याचे कारणच उरत नाही.

आज ते गृहीत सुटले आहे. पुण्याच्या पश्चिमेस मुठेच्या काठी वारजे नावाचे एक खेडे होते. आता ते शहराचा भाग झाले असून मुंबईहून बंगळुरूकडे जाणारा महामार्ग त्यास चिरीत जातो. या वारज्यास १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानाचे एक केंद्र आहे. ज्या कर्करोग्यांचा रोग हटण्याची आशा उरलेली नाही, किंवा ज्यांस उपचारांच्या जोडीने वेदनेपासून सुटका हवी आहे, त्यांची शुश्रूषा तेथे विनामूल्य केली जाते आणि त्या शुश्रूषेचे शिक्षणही दिले जाते. अशा ठिकाणी खाटेवर पडलेला मनुष्य मावळातला शेतकरी असेल, बीडकडचा ऊसतोड्या असेल, उत्तरेकडून बांधकामावर आलेला गवंडी असेल, नाही तर पेठेतला निवृत्त शिक्षक असेल. पुण्याच्या कोणत्याही रुग्णालयात पाहिले तर त्यांच्या उशाशी उभी असलेली परिचारिका केरळातून आलेली असते, मराठवाड्यातून आलेली असते, ख्रिस्ती, बौद्ध, मुसलमान, कोणत्याही घरची असते. दोघेही एकमेकांस परके. आणि त्यांच्यात व्यवहार तर असा की, ज्याहून निकटचा व्यवहार दोन माणसांत क्वचितच होतो. या परकेपणाचे परिचारिकेने काय करावे, आणि हे तिला शिकवावयाचे कोणी व कसे, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर रुग्णालयाच्या व्यवस्थेचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

परकेपणाकडे मुळीच लक्ष दिले नाही तर काय घडते, याचा धडा पुण्यास सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुण्यात पसरली, तेव्हा १८९७ च्या आरंभी रँडसाहेबांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली. गोरे शिपाई घराघरांत शिरले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद त्यांनी मानला नाही. रोग्यांस इस्पितळात आणि घरच्या मंडळींस छावणीत नेण्यात आले. स्त्रियांच्या तपासणीविषयी शहरभर संताप उसळला. इस्पितळातील स्त्रियांच्या व्यवस्थेविरुद्ध पंडिता रमाबाईंनीही वृत्तपत्रातून आवाज उठविला. या साऱ्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत झाडलेल्या गोळीत झाला, हे सर्वांस ठाऊक आहे.

परंतु येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने ध्यानात घेतली पाहिजे. रोग्यास वेगळे ठेवावे, ही कल्पना चुकीची नव्हती. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. त्याही रोग्यांस घरातून उचलून दूर नेतच होत्या. एका आजारी मुलास त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या शुश्रूषेतच त्यांस रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. कृती एकच, रोगी घरातून हलविणे. एका ठिकाणी ती जुलूम ठरली, दुसऱ्या ठिकाणी उपकार ठरली. केवळ हलविणारा आपला की परका एवढ्यानेच हा फरक पडला, असे म्हणता येणार नाही. कारण ज्या उच्चवर्णीय पुण्याने सावित्रीबाईंवर चिखल फेकला होता, त्याच्या लेखी त्याही परक्याच होत्या. फरक असा की, शिपायाच्या दृष्टीने घरातील मनुष्य हे साथीचे एक स्थान होते, आणि सावित्रीबाईंच्या दृष्टीने ते कोणाचे तरी मूल होते. परक्याची शुश्रूषा करू पाहणाऱ्याने प्रथम हा फरक शिकावा लागतो.

यानंतर बारा वर्षांनी, १९०९ साली, रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. परिचारिकेचे काम हलके, कुलीन स्त्रीस न शोभणारे, अशी त्या काळची समजूत होती. परपुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढावयाचे, हे ऐकूनच घरोघर कानांवर हात ठेवले जात. अशा वेळी रमाबाईंनी विधवा व गरजू स्त्रियांस ससून रुग्णालयात शिकावयास पाठविले, आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोय सेवासदनाच्या देखरेखीखाली ठेविली. घरच्या वळणाचे स्वयंपाकघर आणि वडीलधारी नजर असल्यावाचून आईबाप मुलीस पाठविणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. शेजारच्या हिंगण्यास तर १९०० सालीच अण्णा कर्व्यांची झोपडी उभी राहिली होती. वारज्याला लागूनच असलेल्या त्या परिसरात कर्व्यांच्या संस्थेचे परिचर्या महाविद्यालयही आज आहे. विधवेस विद्या द्यावी आणि विद्येतून तिच्या हातास काम द्यावे, ही विचारधारा त्या पिढीने या भूमीत रुजविली.

रमाबाईंनी रूढीशी केलेल्या या तडजोडीस कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु मला तीत नेतृत्वाची खरी खूण दिसते. त्यांनी रूढीचा मान राखला तो दाराच्या अलीकडे, वसतिगृहात. रुग्णालयाच्या दाराच्या पलीकडे मात्र त्यांच्या मुलींनी सर्वांची शुश्रूषा केली. जेथे रूढी सांभाळल्याने कार्य पुढे जाते तेथे सांभाळावी, आणि जेथे ती सांभाळल्याने दुसऱ्या माणसाचा अवमान होतो तेथे सोडावी, हा विवेक त्यांनी कोणत्याही ग्रंथावाचून केला.

या विवेकास पुढे शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय अमेरिकेतील मॅडलिन लायनिंजर या विदुषीकडे जाते. या मूळच्या परिचारिका. १९५० नंतरच्या दशकात सिनसिनाटी येथे मनोविकारी मुलांची शुश्रूषा करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, निरनिराळ्या समाजांतील मुले झोपताना, जेवताना, रडताना निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा करतात, आणि आपल्या शिक्षणात याविषयी एक अक्षरही नव्हते. त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. न्यू गिनीच्या डोंगरात गाडसुप लोकांत जाऊन राहिल्या. आणि परत येऊन ‘आंतरसांस्कृतिक परिचर्या’ हा विषय विद्यापीठात उभा केला. १९७४ साली या विषयाची परिषद स्थापन झाली. रोग्याच्या चालीरीतींशी परिचारिकेने तीन प्रकारे वागावे, असे त्यांचे सांगणे : जी चाल हितकारक आहे ती राखावी, जी निरुपद्रवी आहे तिच्याशी जुळवून घ्यावे, जी अपायकारक आहे ती रोग्याच्या संमतीने हळूहळू पालटावी. बाळंतिणीस शेक द्यावयाचा असेल तर तो राखता येईल. दंडातील ताईत सुई टोचताना आड येत नसेल तर असू द्यावा. नाळेवर राख लावण्याची चाल मात्र समजावून बंद करावी. इतके सरळ आणि शहाणपणाचे हे विवेचन आहे की, यास विरोध तो कोण करणार?

तथापि विरोध झाला, आणि तो विचारार्ह आहे. तो न्यूझीलंडमधील माओरी जमातीच्या एका परिचारिकेने, इरिहापेती रॅम्सडेन यांनी केला. त्यांचे म्हणणे असे की, रोग्याच्या संस्कृतीचा अभ्यास करण्यापूर्वी परिचारिकेने स्वतःच्या मनाचा अभ्यास करावा. रोगी विचित्र आणि मी सामान्य, या समजुतीनेच बिघाड होतो. माओरी लोक अमुक खातात, तमुक मानतात, अशी टिपणे पाठ करून गोरी परिचारिका माओरी रोग्याविषयी अधिकच निर्धास्त होते. त्यास काही विचारण्याची तिला गरज भासेनाशी होते. शुश्रूषा निर्धोक व सन्मानाची झाली की नाही, याचा निर्णय शुश्रूषा घेणाराने करावयाचा असतो, देणारीने नव्हे. १९९२ साली त्या देशाच्या परिचर्या मंडळाने हे तत्त्व शिक्षणक्रमात घातले, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले. पण तत्त्व टिकले.

हा आक्षेप आपल्या देशास किती लागू पडतो, ते मी माझ्या आत्येच्या आजारपणात पाहिले. ती बालपणापासून कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली. एका रुग्णालयात तिला ठेविले होते. तेथील तरुण परिचारिकेने आडनाव आणि वय पाहून मोठ्या आदराने तिच्या ताटातून अंडे काढून टाकविले, आणि आपण आजीबाईंचा धर्म राखला या समाधानात ती दुसऱ्या खाटेकडे वळली. वस्तुस्थिती अशी होती की, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आत्या कित्येक वर्षे अंडे खात होती, आणि ते तिला मनापासून आवडत असे. सुनेदेखत ती बोलली नाही. चार दिवसांनी सून बाहेर गेल्याचे पाहून तिने मला हळूच विचारले, “अरे, इथं फक्त त्या पलीकडच्या बाईलाच का रे मिळतं?” आम्ही पुष्कळ हसलो. मागाहून मात्र मनात आले की, तिच्या जातीस मान मिळाला, तिला स्वतःला कोणी एक शब्द विचारला नाही.

आपल्याकडे ‘संस्कृती’ या शब्दाखाली जात किती सहज लपून बसते, हे यावरून दिसेल. अमक्या जातीचे लोक असे, तमक्या धर्माचे लोक तसे, ही यादी आपणांस कोणा परदेशी विदुषीने शिकविण्याची गरज नाही. ती आपल्यास पाळण्यातच पाठ होते. ती विसरावयास शिकविणे हेच आपल्याकडील परिचर्याशिक्षणाचे पहिले काम आहे.

याहून कठीण प्रसंगही येतात. समजा, एक वृद्ध रोगी परिचारिकेची जात कशी तरी काढतो, आणि तिच्या हातचे पाणी नको म्हणतो. तो मरणाच्या दारी आहे. ही त्याची आयुष्यभराची चाल आहे. आता रोग्याच्या चालीचा मान राखावा की काय? मला येथे संशय वाटत नाही. मनुष्याची चाल त्याच्या स्वतःच्या देहापुरती, जेवणापुरती, देवापुरती असेल तोवर ती त्याची आहे. ती दुसऱ्यास हीन ठरवू लागली की ती त्याची खासगी बाब उरत नाही. अस्पृश्यता पाळणे हा आपल्या राज्यघटनेने १९५० सालीच गुन्हा ठरविला आहे. खाटेवर पडल्याने कोणास त्यातून सूट मिळत नाही. पण म्हणून त्या म्हाताऱ्यास तहानलेला ठेवावे काय? तेही नाही. पाणी समोर ठेवावे, ते त्याच परिचारिकेने ठेवावे, आणि मुख्य परिचारिकेने तेथे उभे राहून शांतपणे सांगावे, “बाबा, इथं पाणी देणारी हीच आमची मुलगी.” तो पाणी घेईल किंवा न घेईल, औषध, वेदनाशमन, कूस बदलणे यांत मात्र तिळमात्र उणे पडता कामा नये. जी मुख्य परिचारिका कटकट टाळण्यासाठी गुपचूप दुसऱ्या मुलीस त्या खाटेवर नेमते, तिने रोग्याची सोय पाहिली खरी. पण आपल्या हाताखालच्या मुलीस जो धडा दिला, तो ती जन्मभर विसरणार नाही.

वारज्यासारख्या ठिकाणी, जेथे मरण हा रोजचा विषय आहे, तेथे आणखी एक पेच नित्य पडतो. रोग्याचा मुलगा दाराबाहेर हात जोडून म्हणतो, “सिस्टर, बाबांना काय झालंय ते सांगू नका.” पाश्चात्त्य नीतिशास्त्र म्हणते, सत्य जाणण्याचा हक्क रोग्याचा आहे. आपली चाल म्हणते, दुःखाचा भार घरच्यांनी वाहावा, रोग्यावर टाकू नये. येथे परिचारिकेने कोणाची संस्कृती मानावी? मुलाची विनवणी खोटी नसते. तीत प्रेम असते. परंतु बापालाही बहुधा सर्व कळून चुकलेले असते, आणि मुलास धक्का बसेल म्हणून तोही गप्प असतो. दोघेही एकमेकांस जपण्यासाठी एकमेकांपासून दूर जातात. आणि बोलून घ्यावयाचे दिवस निघून जातात. येथे ‘भारतीय कुटुंब असेच असते’ असे म्हणून हात झटकणे जितके चूक, तितकेच ‘कायदा असा आहे’ म्हणून रोग्याच्या पुढ्यात निदान टाकणेही चूक. जाणत्या परिचारिका अशा वेळी रोग्यासच विचारतात : तुम्हांला काय वाटते आहे? आणखी काही समजून घ्यावेसे वाटते का? की मुलाशी बोलू? जो म्हणेल, मुलाशीच बोला, त्याने आपला हक्क आपल्या हाताने मुलास दिला. त्याची चाल राखली गेली आणि त्याचा मानही. जो म्हणेल, सांगा, त्यास खोटे सांगण्याचा अधिकार मुलास नाही आणि परिचारिकेसही नाही.

या प्रकारच्या शुश्रूषेचा आधुनिक उगमच दोन परक्यांच्या संभाषणात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाई प्रथम परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४७-४८ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांस डेव्हिड तास्मा नावाचा एक रोगी भेटला. तो वॉर्सा शहरातून आलेला पोलिश ज्यू. वयाने तरुण, आप्तस्वकीयांवाचून, कर्करोगाने मरणोन्मुख. धर्म वेगळा, भाषा वेगळी. सॉन्डर्सबाई त्याच्याशी बोलत बसत. मरणाऱ्यास वेदनेपासून सुटका आणि ऐकून घेणारे कोणी तरी, या दोन्ही गोष्टी लागतात, हे त्या संभाषणातून त्यांस उमगले. त्याने आपले पाचशे पौंड त्यांच्या भावी घराच्या एका खिडकीसाठी ठेविले. त्या पुढे डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांचे सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. जगभर, आणि आपल्या वारज्यासही, जे उपशामक शुश्रूषेचे काम चालते त्याची एक मुळी त्या खाटेपाशी पोचते. सॉन्डर्सबाईंनी पोलिश ज्यूंच्या चालीरीतींवर ग्रंथ वाचला असेल नसेल. त्या त्या माणसापाशी बसल्या, एवढे खरे.

आता शिक्षणाचा प्रश्न. बसावयास आणि विचारावयास शिकवावे कसे? व्याख्यानाने हे होत नाही. शिकाऊ मुलीस जसे वागविले जाते तसे ती रोग्यास वागविते, हा नियम मला तरी अटळ दिसतो. केरळातील मुलीच्या मराठीची ज्या कक्षात टिंगल होते, विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलीच्या बोलीवर जेथे वरिष्ठ हसतात, आदिवासी मुलीस जेथे ‘तुमच्यात असंच असतं का गं’ म्हणून विचारले जाते, तेथे संस्कृतीच्या आदरावर दहा तास घेतले तरी ते वाऱ्यावर जातात. उलट जेथे मुख्य परिचारिका नव्या मुलीस प्रथम विचारते, “तुझ्याकडे आजाऱ्याला काय करतात, सांग बरं,” तेथे ती मुलगी तोच प्रश्न उद्या खाटेपाशी विचारील. आणि वेळेचेही तसेच आहे. एका परिचारिकेवर दोन कक्षांचा भार टाकून तिच्याकडून हळुवार चौकशीची अपेक्षा करणे, हा अन्याय आहे. तिच्यासाठी माणसे मागणे, डॉक्टरांच्या आणि व्यवस्थापकांच्या बैठकीत तिची बाजू मांडणे, रोग्याच्या नातलगांचा राग स्वतःवर घेणे, हे परिचर्येतील नेतृत्व होय. खाटेपाशी जी नम्रता चालते ती बैठकीत चालत नाही, हे रमाबाई रानड्यांस जसे कळत होते, तसे आज कोणत्याही मेट्रनबाईंस कळावे लागते.

आपल्या घरांतील सुशिक्षित मंडळींसही यात काही वाटा उचलावा लागेल. आपल्या मुली आज विलायतेत आणि आखाती देशांत परक्या वृद्धांची शुश्रूषा करण्यास जातात. तेथे कोणी त्यांस रंगावरून दुखविले तर आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच आईच्या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेचे नाव आपणांस ठाऊक असते काय? ‘सिस्टर’ म्हणून तिला बहीण करून टाकल्यावर ती कुठली, तिचे जेवण झाले की नाही, तिला सण कोणता, हे विचारण्याचे आपण विसरतो. परक्याची शुश्रूषा म्हणतात ती दोन्ही बाजूंनी परक्याची असते. आपण तिला परके ठेवावे आणि तिने मात्र आपल्यास ओळखावे, ही अपेक्षा फार काळ पुरी होत नसते.

चरकाच्या चार गुणांत पाचवा घालावा काय, असा विचार हा लेख लिहिताना अनेकदा मनात आला. शेवटी असे वाटते की, तशी गरज नाही. रोग्याविषयी माया हा गुण त्याने सांगितलाच आहे. घरच्या माणसाची माया विचारल्यावाचून जाणते. परक्याची माया विचारून जाणते, इतकाच भेद आहे. आत्या त्या रुग्णालयातून बरी होऊन घरी आली. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच परिचारिकेने तिला विचारले होते, “आजी, उद्या जाताना काय खाऊन जाल?” सून जवळच बसली होती. आत्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि मग स्पष्ट आवाजात सांगितले.